राखण

आरती शेंडगेचा गर्भ सतराव्या आठवड्यात पडला. पिंपरवेलमध्ये चार महिन्यांत असं झालेली ती तिसरी बाई.

कळल्या कळल्या उज्ज्वला खिलारे तिच्या घरी गेली. उज्ज्वला गावची आशा कार्यकर्ती. आरोग्य केंद्राच्या वतीने घरोघर फिरायचं, कुणाला दिवस गेलेत ते बघायचं, गोळ्या पोचवायच्या, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं, हे ती एकोणीस वर्षं करत होती. गावातली निम्मी पोरं जन्मली तेव्हा ती शेजारी उभी होती. कुठल्याही घरात चपला काढून थेट स्वयंपाकघरापर्यंत जायची तिला मुभा होती.

त्या दिवशी मात्र आरतीची सासू दार अडवून उभी राहिली.

"मोरीत पाय घसरला तिचा," सासू म्हणाली. "काय करता, नशीब. आता निजलीय."

"नुसतं बघून जाते, काकू."

"निजलीय म्हणलं न्हवं."

आरती निजली नव्हती. भिंतीचा आधार घेत ती बाहेर आली. चेहरा पांढराफटक पडला होता. तिने पोटाचा पट्टा घडी घालून आणला होता आणि तो उज्ज्वलाच्या हातात देताना तिची बोटं क्षणभर उज्ज्वलाच्या मनगटावर घट्ट आवळली गेली.

"परत कुणाला बांधू नका ताई हा," ती हळूच म्हणाली आणि वळली.

वळणावर आल्यावर उज्ज्वलाने घडी उघडली. आत आरतीचा फोन होता.

तो फोन हातात धरून ती देवळाच्या कट्ट्यावर बसून राहिली. तिघी बायका, तिघींची पहिली मुलगी, तिघी सोळा ते अठरा आठवड्यांच्या. मोऱ्या काय अशा मोजूनमापून निसरड्या होतात? पण मूल मुलगा की मुलगी हे या लोकांना कळणार कसं? तालुक्यातल्या सोनोग्राफी यंत्रांना आता सीलबंद कॅमेरे होते, तपासणीचा शब्दन् शब्द नोंदला जायचा. कुठल्याही डॉक्टरची सांगायची हिंमत नव्हती. शिवाय तिघींपैकी एकीचीही तोवर सोनोग्राफी झाली नव्हती. त्यांच्या पोटाला लागलं होतं ते एकच यंत्र, आणि ते उज्ज्वलाने स्वतःच्या हाताने बांधलं होतं.

*

पट्टा गावात येऊन दोन वर्षं झाली होती. रुंद, मऊ कापडी पट्टा, त्यात नाण्याएवढ्या आठ चकत्या. प्रत्येक चकती माणसाला ऐकू न येणारा आवाज पोटात सोडायची आणि आदळून परत येणारा आवाज टिपायची. त्यातून बाळाचे ठोके वेगळे काढले जायचे आणि 'ओटी' नावाच्या अ‍ॅपमधून फोनवर दिसायचे. ठोके मंदावले की फोन किंचाळून उठायचा आणि तोच निरोप त्याच क्षणी आरोग्य केंद्रात पोचायचा. बाकीचे प्रतिध्वनी तिथल्या तिथे पुसले जायचे. चित्र काढायचं नाही, साठवायचं नाही, असा नियमच होता. दोन वर्षांत पट्ट्याने गावातली चार बाळं आणि एक आई वाचवली होती.

आणि प्रत्येक फोनवर 'राखण' होतं. मोबाईलमध्ये शिरणारं प्रत्येक अ‍ॅप तपासून त्याच्यापुढे हिरवी खूण लावणारं हे सुरक्षेचं अ‍ॅप. राखणशिवाय आता बँक चालत नव्हती, रेशन मिळत नव्हतं आणि ओटी तर उघडतच नव्हतं. बायका घाबरल्या की उज्ज्वला त्यांना ती खूण दाखवायची. "हिरवं आहे ना? मग झालं तर."

त्या दुपारी तिने मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडच्या गोड आवाजाने विचारलं, "ओटीसमोर हिरवी खूण दिसते आहे का, ताई?"

"दिसतेय."

"मग आपला फोन पूर्णपणे सुरक्षित आहे."

आरोग्य केंद्राचे डॉक्टर भोकरे भले गृहस्थ. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "उज्ज्वलाताई, त्या चकत्यांना चित्र दिसतच नाही हो. फार बारीक ताकदीच्या असतात त्या. पट्ट्याला दोष देऊ नका, लोक आधीच काढून टाकायला बघतात."

दुसऱ्या दिवशी ती तालुक्याला गेली. बसस्थानकामागे नौशाद मुल्लाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. नौशादने पूर्वी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत दहा वर्षं काढली होती. वडील अंथरुणाला खिळले म्हणून तो परत आला आणि इथेच राहिला. उज्ज्वलाने फोन आणि पट्टा काउंटरवर ठेवला आणि सगळं सांगितलं.

"दोन दिवस द्या, ताई," नौशाद म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तिला बघताच त्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

"ओटी स्वच्छ आहे," तो म्हणाला. "मी आतून बाहेरून बघितलं. त्यात काही नाही."

उज्ज्वलाचा श्वास मोकळा झाला, पण तो पुढे बोलू लागला.

"शुभदिन कुणाकुणाच्या फोनवर आहे गावात?"

शुभदिन म्हणजे फुकटातलं कॅलेंडर. तिथी, चतुर्थी, मुहूर्त, बाजारभाव. "सगळ्यांच्याच," ती म्हणाली.

"तेही स्वच्छ आहे. एकटं असताना. राखण एकेक अ‍ॅप वेगळं काढून बघतं, तिथेच हे फसवतं. ओटी प्रतिध्वनी पुसतं, पण पुसायच्या आधी फोनच्या एका सामायिक कोपऱ्यात ठेवतं, अर्धा सेकंद. त्या अर्ध्या सेकंदात शुभदिन त्याची नक्कल मारतं. एकेक प्रतिध्वनी अगदी कुचकामी, धुक्यातल्यासारखा, डॉक्टर म्हणाले ते खरंच आहे. पण बाळ पोटात सारखं वळत असतं. दर तासाला वेगळ्या बाजूने टिपलेले असे हजारो तुकडे वीसबावीस दिवस गोळा केले आणि एकावर एक बसवले, की..." त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली आणि लगेच मान खाली घातली.

करड्या ठिपक्यांतून एक आकार दिसत होता. डोकं, पाठीचा कणा, दुमडलेले पाय. उज्ज्वलाने हाताने स्क्रीन झाकली. आरतीची मुलगी होती ती.

"हे कळवतं कुणाला?"

"घरातल्याच बाकीच्या फोनांना. नवऱ्याच्या, सासऱ्याच्या. निरोप नाही पाठवत, पुरावा राहील म्हणून. शुभदिनमध्ये वर जाहिरातीची पट्टी असते बघा. मुलगा असेल तर तिथे पेढ्यांचा फोटो येतो. मुलगी असेल तर जिलेबीचा. जिलेबीखाली एक नंबर असतो, 'घरपोच सेवा' म्हणून. तो लावला की पुढचं ते लोक बघतात."

तिने स्क्रीनवरचा हात काढला नाही. "शुभदिन काढून टाकलं तर?"

"काढलं मी. संध्याकाळपर्यंत परत आलं. राखणनेच परत आणलं. त्याच्या यादीत हे विश्वासाचं अ‍ॅप आहे ना, चुकून गेलं असेल म्हणून ते पुन्हा बसवतं. राखण काढावं तर ओटी चालत नाही." त्याने खणातून एक जुना, काच तडकलेला फोन काढला. "याच्यावर मी ओटीची जुनी आवृत्ती चालवून बघितली. राखण नाही, शुभदिन नाही. यावर पट्टा नीट चालतो. पण असा जुना फोन हा एकच सापडला मला. याच्या पुढच्या कुठल्याही फोनवर ती आवृत्ती बसतच नाही."

*

उज्ज्वलाच्या घरी तिघं जण. ती, मुलगा प्रथमेश आणि सून सायली. प्रथमेश डाळिंबाच्या बागांवर फवारणीचा ड्रोन चालवायचा. सायलीला पाचवा महिना होता आणि तिचा रक्तदाब चढा असायचा. तिलाही पट्टा सासूनेच बांधला होता.

प्रथमेश जेवायला बसला होता. त्याचा फोन शेजारी पडला होता. उज्ज्वलाने तो उचलला आणि शुभदिन उघडलं. आजची तिथी, सूर्योदय, सूर्यास्त. आणि वर, चांदीचा वर्ख लावलेले पेढे.

"हे कधीपासून येतंय?"

प्रथमेशने फोनकडे पाहिलं, मग आईकडे. त्याला प्रश्न कळला हे तिला त्याच क्षणी दिसलं.

"झाला असेल महिना," तो म्हणाला.

"तुला माहीत होतं."

"आई, सगळ्या गावाला माहितीय. तुला तेवढं कुणी सांगत नव्हतं. तू तक्रार करशील म्हणून."

"आरतीच्या घरी जिलेबी आली, हेही माहीत होतं?"

तो घास चिवडत राहिला. "मी काय करणार होतो त्यात? मी कुणाला नंबर लावायला सांगितला का? आपल्या फोनवर आपोआप आलं, मी बघितलं. झालं."

"आणि आपल्याकडे जिलेबी आली असती तर?"

प्रथमेशने पाण्याचा तांब्या उचलला, पण प्यायला नाही. तो बोलेल म्हणून उज्ज्वला थांबली. स्वयंपाकघराच्या चौकटीत सायली उभी होती, हातात गरम भाकरी, आणि तीही थांबली होती. प्रथमेशने तांब्या खाली ठेवला आणि हात धुवायला उठून गेला.

सायलीने भाकरी ताटात ठेवली. मग तिथेच, सासूसमोर, साडीच्या निऱ्या सैल करून तिने पट्टा सोडला आणि जमिनीवर टाकला.

"मला नको हा," ती म्हणाली. "माझ्या पोटात यांनी डोकावलेलं मला नको."

*

तालुक्याच्या कार्यालयात उज्ज्वलाने लेखी तक्रार दिली. नौशादने सगळं सविस्तर लिहून दिलं होतं. साहेबांनी कागद वाचले, दोनदा वाचले, आणि आवाज खाली आणला.

"हे खरं असेल तर राज्यभर असणार. वर पाठवतो मी. पण तोवर कुठे बोलू नका. एकदा का ही युक्ती बाकीच्या गावांना कळली, तर ज्यांच्याकडे शुभदिन नाही ते मुद्दाम घेतील. समजतंय ना?"

तिला समजत होतं. तेच तिला खात होतं. गप्प राहावं तर आणखी पोटं खाली होणार, बोलावं तर चोराचा पत्ताच तालुकाभर वाटल्यासारखं. दोन दिवस ती घरातून बाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी पिशवी घेऊन निघाली आणि घरोघर जाऊन पट्टे परत मागू लागली. कारण विचारलं की सांगायची, बिघाड आहे.

सव्वीस पट्टे वाटलेले होते. एकवीस मिळाले. पाच घरांनी दिले नाहीत. एका घरात सासऱ्याने तर हसून विचारलं, "अजून आमच्याकडं काही दिसलं न्हाई, आशाताई. दिसू तरी द्या." त्या पाचांपैकी दोन घरांतल्या बायका पुढच्या महिन्यात मोरीत घसरल्या.

समृद्धी गायकवाडनेही पट्टा द्यायला आधी नकार दिला, पण वेगळ्याच कारणाने. तिला चौदावा आठवडा होता. थोरली मुलगी तीन वर्षांची. त्याआधी पोटातच एक मूल गेलेलं.

"मला ठोके ऐकल्याशिवाय झोप नाही येत, ताई," ती म्हणाली. "बिघाड काय तो सांगा ना. नीट होत नाही का?"

नौशादने दिलेला तडकलेला फोन त्या वेळी उज्ज्वलाच्या पिशवीत होता. तिचा हात पिशवीत गेला. फोन बोटांना लागला. सायलीचा चढा रक्तदाब तिच्या डोळ्यांपुढे आला, पट्टा टाकताना तिचा झालेला चेहरा आला. हात तसाच बाहेर आला.

"मी येत जाईन ना दर आठवड्याला. नळीने ऐकू ठोके. पूर्वी काय करत होतो आपण?" ती म्हणाली. "माझ्यावर भरोसा ठेव, समृद्धी."

समृद्धीने पट्टा सोडून दिला.

त्या रात्री उज्ज्वलाने तो फोन सायलीपुढे ठेवला. यात कुणीही डोकावू शकत नाही, हे तिला तीनदा समजावून सांगितलं. सायलीने पट्टा पुन्हा बांधला. प्रथमेशशी ती कामापुरतंच बोलायची.

आठव्या महिन्यात, एका भर दुपारी तो फोन किंचाळला. सायली अंगणात मिरच्या वाळत घालत होती. तिला काहीच जाणवलं नव्हतं, दुखत नव्हतं, पण ठोके एकशे चाळीसवरून नव्वदवर आले होते. वीस मिनिटांत गाडी आली, तासाभरात ऑपरेशन झालं. मुलगा. नाळेचे दोन वेढे गळ्याला पडले होते. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास गेला असता तर काही खरं नव्हतं.

उज्ज्वलाने गावात पेढे वाटले. एकोणीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या घरचे खाल्ले होते. ती समृद्धीच्या घरीही गेली, पेढा तिच्या तोंडात भरवला, नळीने ठोके ऐकले. छान होते. फोन घरी कपाटात सायलीच्या साड्यांखाली होता. तो आता रिकामा आहे हे त्या आनंदात तिच्या मनातही आलं नाही.

तेरा दिवसांनी समृद्धीचं बाळ पोटात गेलं. एका सोमवारी सकाळी तिला हालचाल मंद वाटली, पण वाट बघू म्हणून ती थांबली. मंगळवारी दवाखान्यात गेली तोवर ठोके नव्हते. बत्तिसावा आठवडा. मुलगी होती. डॉक्टर भोकरे उज्ज्वलाला बाजूला घेऊन म्हणाले, "सोमवारपासूनच ठोके घसरत गेले असणार. पट्टा असता तर कळलं असतं." त्यांना टोमणा मारायचा नव्हता. ते खरोखरच हळहळत होते.

*

पंधरा दिवस उज्ज्वला समृद्धीच्या गल्लीतून गेली नाही. सोळाव्या दिवशी गेली. समृद्धी दारात थोरलीची वेणी घालत बसली होती. तिने उज्ज्वलाला बस म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

"सायलीकडे एक चांगला फोन होता म्हणे," ती म्हणाली. "तिनेच सांगितलं. कसा वाजला, कशी गाडी आली, सगळं."

"होता."

"माझा पट्टा नेलात त्या दिवशी होता तुमच्याकडे?"

उज्ज्वलाला खोटं बोलता आलं असतं. कुणाला कळलं नसतं.

"पिशवीत होता," ती म्हणाली.

समृद्धीने वेणीचा एक पेड घातला, दुसरा घातला. "आणि सायलीचं झाल्यावर? तुम्ही आला होतात की पेढे घेऊन."

"विसरले," उज्ज्वला म्हणाली. "खरंच विसरले गं. नातू झाला त्यात..."

समृद्धीने रिबिनीची गाठ मारली आणि मुलीला खेळायला पाठवून दिलं.

"मीपण माझ्या घरातलीलाच दिला असता," ती शांतपणे म्हणाली. "त्याचा राग नाही. पण मग समोरच्या बाईला मी भरोसा ठेव म्हटलं नसतं."

ती उठून आत गेली. उज्ज्वला ओट्यावर बराच वेळ बसून राहिली. कुणी पाणी आणून दिलं नाही.

*

चौकशी समितीला सात महिने लागले. शुभदिन बंद झालं. ते बनवणारी कंपनी फक्त कागदावर होती, तिच्या पत्त्यावर एक बंद गाळा निघाला. राखणची नवी आवृत्ती आली, ओटीची नवी आवृत्ती आली आणि नव्या कोऱ्या पट्ट्यांची खोकी आरोग्य केंद्रात पोचली. या वेळी हिरव्या खुणेभोवती सोनेरी कडा होती. प्रशिक्षणाला आलेल्या मॅडमनी सांगितलं की आता दुहेरी तपासणी होते आणि बायकांना निर्धास्त करायचं काम आशाताईंचं आहे.

उज्ज्वलाने राजीनामा लिहून ठेवला होता. तो तिने दिला नाही. आपण गेलो तर हे पट्टे दुसरी कुणीतरी वाटेल आणि तिला यातलं काहीच ठाऊक नसेल, या एका विचाराने दिला नाही.

पहिलं घर वैष्णवी कोळेकरचं. एकवीस वर्षांची मुलगी, लग्नाला वर्ष झालेलं, बारावा आठवडा. तिने पट्टा हातात घेऊन उलटसुलट केला, फोनवरची सोनेरी कडेची खूण पाहिली आणि विचारलं, "ताई, सुरक्षित आहे ना हे?"

ओठांवर आलेलं उत्तर उज्ज्वलाने गिळलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

वैष्णवीने पट्टा मांडीवर ठेवला.

"मागच्या वेळीही मला माहीत नव्हतं, पण मी हो म्हणत होते. आता मला जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगते. मग तू ठरव."

आणि तिने सगळं सांगितलं. आरतीचं, जिलेबीचं, स्वतःच्या मुलाचं. पट्ट्यामुळे नातू कसा वाचला ते, आणि समृद्धीची मुलगी का वाचली नाही तेही, पिशवीतल्या फोनासकट. सांगताना तिने एकदाही मान वर केली नाही. वैष्णवी पट्टा मांडीवर घेऊन ऐकत होती. तिने तो बांधला नाही, परतही दिला नाही. शेवटी ती थोडी पुढे सरकली आणि अगदी हळू म्हणाली, "ताई, परवा यांनी माझ्या फोनवर एक नवं कॅलेंडर टाकून दिलंय. मी मागितलं नव्हतं."

"बघू," उज्ज्वला म्हणाली.

आतून सासूची हाक आली. "काय म्हणतेय गं आशा एवढा वेळ?"

वैष्णवीने फोन पट्ट्याखाली सरकवला.

"काही नाही, आई," ती ओरडून म्हणाली. "गोळ्या द्यायला आल्यात."